जुनं पंचांग उघडताना: अमेरिकेतली अल्मनॅकं कशी वाचावीत आणि घरची पेटी कशी जपावी

१९९४ च्या उन्हाळ्यात मी माझ्या आजोबांची बारा पंचांगं एकत्र शिवली, वर पुठ्ठा चढवला आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर कापून घेतल्या. तेव्हा एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधणी-दुरुस्तीचं काम करायला लागून मला चार वर्षं झाली होती. हात चांगला बसला होता. आईला दाखवायला मोठ्या उत्साहानं तो खंड घरी नेला. तिनं चार पानं उलटली आणि विचारलं, "अगं, अण्णांनी लिहिलेलं कुठं गेलं?"

समासातल्या शाईच्या नोंदी निम्म्या कापल्या गेल्या होत्या. राहिलेल्या निम्म्यांना अर्थ नव्हता.

आजोबा सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. डायरी घेणं त्यांना परवडत नसावं, किंवा सुचलं नसावं. पाडव्याला नवं पंचांग यायचं, हळदीकुंकू लागायचं आणि वर्षभर त्याच्याच कोऱ्या जागेत घर लिहिलं जायचं: कुणाचा जन्म, कुणाचं उसनं, पाऊस, संप, म्हैस व्याली, सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, कोण हरवलं आणि कुठं सापडलं. शंभराहून अधिक वर्षं दाते पंचांग आमच्याच गावातून निघतंय. इतक्या घरांमध्ये इतकी पंचांगं आली आणि गेली, पण जुनी पंचांगं सांभाळणारी घरं मी हाताच्या बोटांवर मोजू शकते. बाकीची रद्दीत गेली, नाहीतर निर्माल्याबरोबर.

मी कापलेलं परत येणार नाही. पण नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी तिकडची जुनी पंचांगं, म्हणजे अल्मनॅकं, कशी ठेवलीत ते पाहत गेले आणि माझं काम बदललं. तीच रीत इथं सांगतेय. आधी तिकडची अल्मनॅकं संगणकावर वाचायची आणि मग घरची पेटी उघडायची. हा क्रम मी मुद्दाम सांगते. पडद्यावरचं पान आपल्या हातून फाटत नाही, आणि कशाकडे पाहायचं हे डोळ्यांना आधी कळलं की हातून चूक कमी होते.

तिकडचं पंचांग शोधताना

ब्रिटिशांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींत पहिला छापखाना १६३८-३९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला लागला. तिथं सर्वांत आधी छापलेल्या गोष्टींत एक एकपानी शपथपत्र होतं आणि १६३९ सालचं एक अल्मनॅक. या दोन्हींची आज एकही प्रत उरलेली नाही. त्याच छापखान्यात १६४० मध्ये छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकाच्या मात्र अकरा प्रती आहेत. स्तोत्रं कपाटात राहिली, अल्मनॅक खिळ्याला लटकलं, वापरून संपलं आणि शेवटी चुलीत गेलं. म्हणून ग्रंथालयात एखादं जुनं अल्मनॅक दिसलं की ते कुणीतरी फेकायचं विसरलं म्हणून वाचलंय, हे मनात ठेवून त्याच्याकडे पाहा.

शोधायची ठिकाणं थोडीच आहेत आणि फुकट आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस, इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट यांच्या संग्रहांत स्कॅन केलेली पानं मिळतात. वूस्टर गावातली अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी ही आयझाया थॉमस नावाच्या छापखानेवाल्यानं १८१२ मध्ये काढलेली संस्था. एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत तिकडे जे जे छापलं गेलं ते सगळं गोळा करणं हेच तिचं काम आहे. एका मुद्रकानं आपल्या धंद्यातला कागदन् कागद जपायला संस्था काढावी, याचं मला फार अप्रूप आहे.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अल्मनॅक या शब्दाच्या जुन्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'सी'नंतर 'के' असतो. दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा, नाहीतर निम्मा खजिना दिसणारच नाही. नोंदीत कुठे 'इव्हान्स' आणि पुढे आकडा दिसला तर तो वहीत उतरवून घ्या. चार्ल्स इव्हान्स या ग्रंथपालानं १९०३ पासून तिकडच्या जुन्या छापील साहित्याची वर्षवार यादी छापायला घेतली. तो १९३५ मध्ये गेला. यादी दुसऱ्यांनी १८०० सालापर्यंत नेऊन पुरी केली. एकाच वर्षाच्या एकाच अल्मनॅकच्या वेगवेगळ्या छपाया असतात, त्यांतली आपण नेमकी कुठली पाहतोय ते या आकड्यावरून कळतं.

पान वाचताना

सुरुवातीला बेंजामिन फ्रँकलिनचं 'पुअर रिचर्ड' घ्या. फिलाडेल्फियात १७३२ च्या अखेरीस, १७३३ सालासाठी, त्यानं ते 'रिचर्ड सॉन्डर्स' या टोपणनावानं काढलं आणि १७५८ सालापर्यंतची अंकमाला स्वतः केली. वर्षाला दहा हजारांच्या आसपास प्रती खपत, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. सुरुवातीची वर्षं २४ पानं, १७४८ पासून ३६. सुरुवातीच्या अंकांत महिन्याला एक पान. ज्यानं दाते पंचांग पाहिलंय त्याला ते पान परकं वाटणार नाही. डावीकडे तारीख, मग वार, मग सणवार आणि हवामान, मग चंद्र कुठल्या राशीत, सूर्योदय-सूर्यास्त, कुठे भरतीची वेळ. मागच्या पानांवर ग्रहणं, न्यायालयं कुठल्या गावात कधी बसणार, जत्रा आणि रस्ते.

आता अडखळण्याच्या जागा. पहिली म्हणजे इंग्रजी 'एस'. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये तो 'एफ'सारखा छापलेला असतो. 'सन रायझेस' हे पहिल्या नजरेला 'फन रायफेस' वाचलं जातं. शेवटचा 'एस' मात्र आजच्यासारखाच. जुन्या शिळाप्रेसच्या पोथीत 'ख' की 'रव' असा घोळ ज्यानं निस्तरलाय, त्याला दोन पानांत सवय होईल. पानाच्या तळाशी उजवीकडे एकटाच एखादा शब्द दिसतो. ती चूक नव्हे, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. बांधणाऱ्यानं पानं उलटसुलट लावू नयेत म्हणून ती खूण ठेवलेली असते. मी बांधणीचं काम केलं म्हणून सांगते, त्या शब्दाइतका उपयोगी शब्द अख्ख्या पानावर दुसरा नाही.

दुसरी जागा तारखांची, आणि इथं मराठी वाचकाची गाडी इंग्रजी वाचकापेक्षा पुढे धावते. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष कायद्यानं २५ मार्चला लागायचं. मॅसॅच्युसेट्समधली सतराव्या शतकातली कित्येक अल्मनॅकं मार्चपासूनच सुरू होतात. चैत्रात वर्ष उघडणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय! पण त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतल्या तारखांना '१७१०/११' अशी जोडसालं दिसतात, तेव्हा दोन्ही आकडे तसेच उतरवा. १७५२ चं कुठलंही अल्मनॅक मिळालं तर आधी सप्टेंबरचं पान काढा. २ तारखेनंतर थेट १४ येते. जुलियन कालगणना सोडून ग्रेगोरियन धरली त्याची ती उडी आहे. तो सप्टेंबर एकोणीस दिवसांचा.

तिसरी जागा सर्वांत गमतीची. सुरुवातीच्या एखाद्या पानावर उघड्या माणसाचं चित्र असतं आणि भोवती बारा राशी. मेष डोक्यावर, मिथुन हातांवर, मकर गुडघ्यांवर, मीन पावलांवर. आमच्या गल्लीतल्या गुरुजींना मी ते छापून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, हा तर आपला कालपुरुष!" चंद्र ज्या राशीत, त्या अवयवाची शीर त्या दिवशी तोडून रक्त काढू नये, असा तिकडे त्याचा वापर व्हायचा. म्हणून तारखेसमोर कधी राशीऐवजी सरळ अवयवाचंच नाव असतं. मात्र त्यांची रास आपल्या पंचांगाशी ताडून पाहू नका. त्यांचं गणित सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं, आपलं निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून. अठराव्या शतकात दोन्हींत सुमारे वीस अंशांचा फरक होता, आता तो चोवीसच्या आसपास आहे. म्हणून त्यांचा सूर्य डिसेंबरातच मकरेत जातो आणि आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या नंदीध्वजांना जानेवारीतल्या संक्रांतीची वाट पाहावी लागते.

सूर्योदयाची वेळ कुठल्या गावाची ते मुखपृष्ठावर असतं. फ्रँकलिननं ४० अंश अक्षांश धरलाय आणि आजूबाजूच्या गावांना, अगदी न्यूफाउंडलंडपासून साउथ कॅरोलायनापर्यंत, हेच चालेल असंही बेधडक लिहून टाकलंय. तेव्हा प्रमाणवेळ नव्हती, प्रत्येक गावाचं घड्याळ आपल्या सूर्यावर चाले. सोलापूरचं घड्याळ असं सूर्यावर लावलं तर ते भारतीय प्रमाणवेळेच्या जवळपास २६ मिनिटं मागे राहील. आपण ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताची वेळ पाळतो आणि गाव वसलंय ७५.९ अंशांवर. जुनी वेळ वाचताना हा हिशोब डोक्यात हवा.

यानंतर बेंजामिन बॅनेकरकडे जा, आणि घाई करू नका. मेरीलँडमधला हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. शेजाऱ्याकडून आणलेली पुस्तकं आणि उपकरणं घेऊन त्यानं उतारवयात खगोलगणित स्वतःच शिकून घेतलं आणि ग्रहणं वर्तवली. १७९२ ते १७९७ या सालांची अल्मनॅकं त्याच्या गणितावर निघाली. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्यानं आपल्या अल्मनॅकची हस्तलिखित प्रत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनला पाठवली. सोबतच्या पत्रात, सगळी माणसं समान म्हणणाऱ्यानं गुलाम बाळगावेत हे कसं, असं थेट विचारलं. ३० ऑगस्टला जेफरसननं उत्तर लिहिलं. दोन्ही पत्रं 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर वाचता येतात. पंचांगाचं गणित कुणी करावं हा प्रश्न आपल्याकडेही किती जड होता ते आठवून वाचा. मी ते पत्र दोन बैठकांत वाचलं, एका बैठकीत झालं नाही.

आणि मग वॉशिंग्टन. जॉर्ज वॉशिंग्टननं कित्येक वर्षांची रोजनिशी 'व्हर्जिनिया अल्मनॅक'मध्ये कोरी पानं घालून लिहिली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्यांची स्कॅन आहेत. पेरणी, पाहुणे, हवा. माझ्या आजोबांनी जे केलं तेच, फक्त त्याला कोरी पानं शिवून मिळाली आणि आजोबांना समासावर भागवावं लागलं. तिथल्या ग्रंथालयानं छापील पान, लिहिलेलं पान, रिकामं पान, डाग पडलेलं वेष्टन, सगळं सारख्याच काळजीनं टिपलंय. कडेबाहेरची थोडी काळी पट्टीसुद्धा ठेवलीय, म्हणजे कागद कुठे संपतो ते दिसावं. ते पाहिलं त्या दिवशी माझ्या हातून काय झालं होतं ते मला नीट कळलं.

घरची पेटी

पेटी मे महिन्यात उघडू नका. आमच्याकडे पारा ४२-४३ वर जातो, कागद पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो. पावसाळ्यात ओल. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. पांढरे हातमोजे नकोत. मोज्यातल्या जाड बोटांनी पान फाटतं, मोठी ग्रंथालयंही साध्या कागदाला स्वच्छ कोरडे हातच लावतात. जवळ चहा नको, पेन नको, फक्त शिसपेन्सिल.

एक गोष्ट पाहून तुम्हाला धक्का बसेल. फ्रँकलिनच्या काळातला कागद आजही लवचीक असतो आणि तुमच्या आजोबांचा, त्याच्या निम्म्याहून कमी वयाचा, पिवळा पडून चुरतोय. कारण कापड. तिकडचे कागद तेव्हा लिननच्या आणि सुती चिंध्यांपासून बनत. बोहारीण जुने कपडे नेते तशा तिकडचे छापखाने आणि कागदवाले चिंध्या विकत घ्यायचे, त्यासाठी जाहिराती द्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला, कागद स्वस्त झाला आणि त्याच्याबरोबर आम्लही आलं. आपली विसाव्या शतकातली बहुतेक पंचांगं याच कागदावर आहेत. त्यांचं आयुष्य वाढवता येतं, पण त्यांना तरुण करता येत नाही. म्हणून आधी फोटो, मग बाकीचं.

त्याच्याही आधी मऊ ब्रशनं, शिवणीकडून कडेकडे, धूळ झाडा. गच्चीवर वाऱ्यात नको. हळदीकुंकवाचे डाग पुसू नका. तेलाचा डाग, खिळ्याचं भोक, दोरा, मुलांनी ओढलेल्या रेघा, सगळं तसंच राहू द्या. पंचांग कसं वापरलं गेलं याचा तोच पुरावा आहे.

गंजलेली पिन ओढू नका. पान आणि पिन यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, पिनचे पाय आधी सरळ करा आणि मग मागच्या बाजूनं ढकला. चिकटपट्टी कधीही नको. दहा वर्षांत तिचा गोंद तपकिरी होतो आणि अक्षरासकट कागद घेऊन जातो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते उलटवताच येत नाही. पान फाटलं असेल तर आमच्या बांधणीतली नेहमीची खळ लावण्याचा मोह होईल. आम्ही तिच्यात किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालत असू. मोरचुदात तांबं असतं आणि तांबं जुन्या कागदाला आतून खातं. गव्हाच्या साध्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद मिळाला, आणि कुणी जाणत्यानं शिकवलं, तर दुरुस्ती करा. नाहीतर फाटकं पान त्याच्या जागी पाकिटात ठेवून पुढे चला. न केलेली दुरुस्ती नंतर कधीही करता येते.

फोटो मोबाइलनं चालतील. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. काळ्या कापडावर पान ठेवा, चारही कडा चौकटीत येऊ द्या, बाजूला फूटपट्टी ठेवा. कोरी पानंही टिपा आणि जाहिरातींचीही. माझी भाची पहिल्या दिवशी म्हणाली, "मावशी, ही दंतमंजनाची जाहिरात पण?" हो, ती पण. तिच्याच कडेला आजोबांनी घरभाड्याचा हिशोब मांडला होता.

फाइलला नाव देताना शकवर्ष आधी घाला, मग महिना, मग पान. शकात ७८ मिळवले की पाडव्यापासून डिसेंबरपर्यंतचं इंग्रजी साल येतं. जानेवारी ते पुढचा पाडवा एवढ्या काळासाठी ७९ मिळवायचे. इथं फार जण चुकतात. आमच्याकडे शके १८५२ च्या पंचांगात पौष वद्यातल्या एका दिवसासमोर नुसती काळी फुली आहे, अक्षर एकही नाही. ७८ मिळवून मी कितीतरी दिवस १९३० मध्ये शोधत होते. ७९ मिळवले आणि तारीख आली १२ जानेवारी १९३१. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना त्या दिवशी येरवड्याला फाशी दिली. आजोबांनी फुली मारली आणि पंचांग पुन्हा खिळ्याला लावलं असणार.

पावसाच्या नोंदी वेगळ्या काढा. तिकडच्या अल्मनॅकमध्ये तारखांच्या कडेनं हवामानाचे अंदाज विखुरलेले असतात, आपल्याकडे नक्षत्रं आणि त्यांची वाहनं. छापील अंदाजासमोर प्रत्यक्ष काय झालं ते माणसं दोन्हीकडे लिहून ठेवतात. शके १८९४ च्या, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाच्या पंचांगात मृगासमोर 'नाही', आर्द्रासमोर 'नाही', आणि हस्तासमोर नुसती आडवी रेघ आहे.

ठेवायला लोखंडी ट्रंक नको, पत्र्याखालचा माळा तर नकोच. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट, भिंतीला न टेकलेलं, जमिनीपासून वर. पोथ्या आणि दप्तरं रुमालात बांधायची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. सोलापुरात मांजरपाटाला तोटा नाही. पण नवं कापड तसंच गुंडाळू नका. त्याला खळ असते आणि खळीवर कसर येते. दोनदा गरम पाण्यातून काढा, उन्हात वाळवा, मग बांधा. रंगीत कापड नको, ओलीत रंग उतरतो. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास माणसालाच बाधतो. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि पाडव्याआधी, रुमाल सोडून पाहायचं. वाळवीला अंधार आणि शांतता आवडते, दोन्ही मिळू द्यायची नाही. रुमालावर नाडीनं चिठ्ठी बांधा: कुणाची पंचांगं, कुठल्या पेठेतल्या घरातली, कुठलं शक ते कुठलं शक, कुणाकडून आली.

नोंदी उतरवताना जसं लिहिलंय तसंच लिहा, शुद्धलेखन सुधारू नका. वाचता न आलेल्या जागी टिंबं द्या. कागद तुटला असेल तर चौकोनी कंसात 'तुटलं' लिहा, आणि अंदाजानं शब्द भरू नका, तो कितीही उघड वाटला तरी. मी माझ्या कापलेल्या खंडाची वही अशीच केली. एकूण ४१ नोंदी उरल्यात. ज्येष्ठाच्या पानावरची एक अशी आहे: 'रात्री पाऊस. दारात पाणी. पोरगी घाबरली म्हणून [कापलं]'. ही पोरगी म्हणजे माझी आई. पुढे काय होतं ते मी तिला विचारलं. तिला आठवलं नाही. वहीत मी कंस तसाच ठेवलाय.